आतला कोन

भिंगातून घड्याळाच्या पाठीतला तो आतला कोन डोंगरातल्या घळीएवढा दिसत होता. दोन तिरक्या, आरशासारख्या कडा दोन बाजूंनी उतरत येऊन एका रेघेवर भेटलेल्या – कुठे गोलाई नाही, जणू कागदाला घडी घातलेली. यंत्राला हे जमत नाही. यंत्राचं पातं गोल फिरतं, कोपऱ्यात शिरलं की कोपरा गोलच करून ठेवतं. इथे बारीक कानस लागते, आणि शेवटी जेन्शिअनच्या, त्या डोंगरी झुडपाच्या, वाळक्या देठाचं टोक, आणि हात... एदमों गोलेने श्वास रोखला. कोन सुंदर होता. संशय यावा इतका.

"तुमचाच ना, मस्यू गोले?"

हा बोनार, जिनिव्हाच्या लिलावघरातला. सकाळच्या गाडीने खोऱ्यात वर आला होता आणि बुटांचं बर्फ न झटकताच आत शिरला होता. एदमोंला ते तेव्हाच खटकलं होतं.

"खाली कॅफेत सगळे सांगतात, एकसष्ट सालच्या त्या बारा घड्याळांचे कोन तुमच्या हातचे. कारखान्यात तर कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. काम तुमचंच, अशी एक सही द्या, लिलावाच्या सूचीत तुमचा फोटो छापतो."

कॅफेत सगळे सांगतात – कारण कॅफेत सगळ्यांना मीच सांगितलं. पन्नासाहून जास्त वर्षं सांगितलं. त्या हिवाळ्यात तळं तळापर्यंत गोठलं होतं, मासे उबेसाठी कारखान्याच्या खिडकीशी येऊन उभे राहत, आणि मी, अंगठ्याला हे एवढं फडकं बांधून, बारा घड्याळांचे अठ्ठेचाळीस कोन केले! माशांवर कोणी विश्वास ठेवला नाही, म्हणून कोनांवर ठेवला. थापेची रीतच ती – एक मोठी थाप पुढे करावी, मागची धाकटी आपोआप आत शिरते... पण कोन थाप नव्हते. नव्हतेच ना?

त्याने घड्याळ उलटं केलं. समोरून तसं अबोल: बिस्किटाहून पातळ, रुपेरी तबकडी, आकडे नाहीत, नुसत्या बारा रेघा. आणि पाठीच्या झाकणाआड, जिथे मालकाची नजर जन्मात पोचायची नाही, तिथे ही कोरीव श्रीमंती. या खोऱ्याची खोडच ती. हा बोनार नक्की काय शोधतोय? कोणीतरी मागाहून घासून चकाकवलेला माल तर नाही? त्याने पुन्हा भिंग लावलं. नाही, माल खरा होता. खोट होती ती दुसरीकडेच – रेघेच्या शेवटी, जिथे देठाचा अखेरचा फटकारा उचलला जातो, तिथली पुसट झाक डावीकडे कललेली होती. उजव्या हाताची झाक उजवीकडे कलते. एदमों उजव्या हाताने काम करायचा.

उजवा अंगठा... त्याने नकळत तो चोळला. वण होता. म्हणजे फडकं खरं होतं. आणि फडकं खरं असेल तर – चिमटीत देठ धरायचा कसा? आजवर हा प्रश्न मला कॅफेतल्या एकानेही विचारला नाही, गाढव लेकाचे! मीसुद्धा नाही.

मग आठवलं, किंवा आठवलंसं वाटलं: कारखान्यातली दोन बाकं समोरासमोर, मधून सरकवलेला पत्र्याचा डबा. ज्याचं काम मागे पडेल त्याचा डबा समोरच्याने गुपचूप ओढून घ्यायचा आणि मुकादमापुढे अवाक्षर काढायचं नाही, ही बाकांवरची रीत. समोर बसत होती ओदेत. डावखुरी ओदेत. पुढच्याच उन्हाळ्यात ती माझी बायको झाली आणि कारखाना सुटला तिचा.

"मादाम," बोनारने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "तुम्हीही तिथेच होतात ना? तुम्हाला आठवतं?"

ओदेत बटाटे सोलत होती. "मला कसलं आठवतंय बाबा! आमच्याकडे आठवणींचं खातं याच्याकडे. मी आपली चीज-बटाट्याकडे."

"ओदेत," एदमों म्हणाला, "माझा अंगठा कधी कापला गं?"

"कुठल्या गोष्टीतला? तळं गोठलेल्या, की अस्वल आलेल्या?"

बोनार मोठ्याने हसला. तीही हसली. तिच्या डाव्या हातातली सुरी बटाट्यावरून न थांबता फिरत होती आणि साल अखंड उतरत होती.

"कर की सही," ती न पाहता म्हणाली. "या पोराची गाडी चुकेल. का आज हात दुखतोय?"

का आज हात दुखतोय... हे तिने सहज विचारलं? त्याने कागद पुढे ओढला. पेन टेकवलं. सत्तावन्न वर्षं ती कॅफेत त्याच्या शेजारी बसली होती, दर खेपेला ऐकलं होतं, गोष्टीत फडकं आलं की पेला उचलून ओठांशी नेला होता. तो समजत होता, तिला गोष्ट आवडते. तिला ठाऊक असेल आणि ती चिडून गप्प असेल, तर चालेल – चिडलेल्या बाईची समजूत काढता येते, त्यात माझा हात कोण धरणार! पण चिडलेली नसेल तर? लहान मुलाला खेळात जिंकू द्यावं तसं तिने मला... सगळ्या गावाला मी खेळवत होतो, आणि एवढी सगळी वर्षं, शेजारच्याच खुर्चीवरून...

"मस्यू गोले?" बोनार म्हणाला.

"थांबा जरा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला पुढे काय सांगावं ते सुचेना.