साक्षीदार क्रमांक दोन

नव्या मंत्रिमंडळाची यादी टीव्हीवर आली तेव्हा मी पडवळ चिरत होते. सातवं नाव ऐकलं आणि सुरी ताटात आपटली. रामस्वामी. खातं, कामगार कल्याण.

कामगार कल्याण! ज्याने माझ्या भावाच्या उजव्या हाताची बोटं भर दुपारी ठेचायला लावली, तो आता राज्यातल्या कामगारांचं कल्याण करणार. टीव्हीवरची बाई हसून सांगत होती की नव्या मुख्यमंत्र्यांनी जुनं वैर विसरून मनाचा मोठेपणा दाखवला. मी टीव्ही बंद केला. आणखी एक मिनिट ऐकलं असतं तर सुरी पडद्यावर गेली असती.

माझा धाकटा भाऊ श्रीहरी भिंती रंगवायचा. आमच्याकडे निवडणूक आधी भिंतीवर लागते. मतदानाला वर्ष-दीड वर्ष असतानाच पक्षाची माणसं मोक्याची भिंत हेरतात, तिला चुना मारतात आणि कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि साल लिहून ठेवतात. साल लिहिलं की भिंत त्या पक्षाची. निवडणूक होईपर्यंत तिला दुसऱ्या कुणी ब्रश लावायचा नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण पुस्तकातल्या कायद्यांपेक्षा लोक तो जास्त पाळतात. आमच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या अर्ध्याअधिक भिंतींवर ‘इळमारन’ हे आमच्या आमदाराचं नाव श्रीहरीच्या हातचं होतं. पाच फूट उंचीचं अक्षर तो दोरी न ताणता काढायचा. लोक बस चुकली तरी बघत उभे राहायचे.

सहा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गोदामाच्या भिंतीवर त्याने साल लिहिलं होतं. रामस्वामी तेव्हा समोरच्या पक्षात होता. त्याच्या माणसांनी ते पुसून आपलं साल घातलं. श्रीहरीने पुन्हा चुना मारला. नियम त्याच्या बाजूने होता, आणि माझा भाऊ असा खुळा की त्याला वाटलं तेवढं पुरे.

मी त्याचा डबा घेऊन गेले होते. दुपारचे अडीच वाजले असतील. चौघांनी त्याला खाली ओढलं होतं. शेजारी पांढरी गाडी उभी होती, तिची काच खाली झाली आणि आतून रामस्वामीने विचारलं, “लिहितो कुठल्या हाताने?” आवाज चढलेला नव्हता. दुकानात कापडाचा भाव विचारावा तसं विचारलं. एकाने उजवा हात धरून दाखवला. काच वर गेली. मग त्यांनी तो हात फूटपाथच्या कडेवर ठेवला आणि सिमेंटचा ठोकळा घातला, दोनदा. मी पंधरा पावलांवर होते. मी ओरडले की नाही, ते मला आठवत नाही. बाकी सगळं आठवतं.

तीन ऑपरेशनं झाली. बोटं जागेवर आहेत, पण वळत नाहीत. इळमारन तेव्हा साधा आमदार होता. तो इस्पितळात आला, बँडेजवर हात ठेवून पत्रकारांसमोर म्हणाला, “हा हात माझा हात आहे. याचा न्याय झाल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.” आणि आता तो बसला. मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत बसला. बहुमताला नऊ आमदार कमी पडत होते, ते रामस्वामीने आणून दिले, मग न्याय कसला न् हात कसला! आयजीच्या जिवावर बायजी उदार. हात आमच्या श्रीहरीचा, आणि क्षमा करणार इळमारन.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणोजीराव आले. आमच्याच तंजावरी मराठी लोकांतले, आईच्या नात्यातले, इळमारनच्या पक्षाचे जिल्हा चिटणीस. बाहेर तमिळमध्ये भाषणं ठोकतात, काम कठीण असलं की आमच्या घरी येऊन मराठी बोलतात. श्रीहरीची बायको रंजनी हिने कॉफी दिली.

“कनका, सोमवारीं कोर्टांत केस आहे ना?” ते म्हणाले.

“आहे. सहा वर्षांनी उभी राहतेय. श्रीहरी पहिला साक्षीदार, मी दुसरी.”

“बुधवारीं शपथविधि. त्याच्या आधीं हें अस्की, सगळें, निवळलें पाहिजे. श्रीहरीनें म्हणायचें, शिडीवरून पडलों. तूं म्हणायचेंस, मी नंतर आलें, पाहिलें नाहीं. तेवढेंच. पोनदु पोगट्टुम. झालें तें होऊन जाऊं दे.”

“राणोजी मामा, कॉफी प्या आणि जा.”

“ऐकून तरी घे. मुख्यमंत्र्यांनीं स्वतः सांगितलेंय. श्रीहरीला राज्याच्या कला मंडळावर मेंबर करतात. गाडी, ऑफिस, दारावर नांवाची पाटी. उगीच हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“हात दाखवायची भीती त्यांना वाटायला हवी. आम्ही का घाबरावं?”

एवढं बोलून मी श्रीहरीकडे बघितलं. माझी खात्री होती की तो आता उठेल आणि मामांची चप्पल अंगणात भिरकावेल. तो कॉफीच्या पेल्याकडे बघत होता. डाव्या हाताने पेला धरून त्याने हळूच विचारलं, “मामा, ऑर्डर लेखी येईल कीं?”

माझ्या अंगाची आग झाली. मामा गेल्यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. निर्लज्ज, लाचार, नामर्द, सगळं बोलून झालं. रंजनी स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली. घासलेली भांडी परत घासत होती.

श्रीहरीने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, “अक्का, सहा वर्षें मी झेरॉक्सच्या दुकानांत बसतों. येणारा माणूस आधीं हाताकडे बघतो, मग माझ्याकडे. अय्यो पावम, म्हणतो. पक्षाच्या सभेंत मला पुढें बसवतात, हात वर करायला लावतात, सभा संपली कीं कोणी विचारीत नाहीं. सहा वर्षें मी बिचारा आहें. आतां मला मेंबर व्हायचेंय.”

“त्याच्या उपकाराने?”

“कोणाच्या कां असेना. हात माझा आहे. त्याचें काय करायचें तें मी ठरवीन.”

“हात तुझा. डोळे माझे आहेत. मी बघितलंय.”

“तर मिटून घे,” तो म्हणाला. “मी नाहीं कां मिटले?”

मी मनात म्हटलं, चार दिवस जाऊ देत, डोकं ठिकाणावर येईल. लहानपणीही तो आधी वाकडं बोलायचा आणि संध्याकाळपर्यंत येऊन बसायचा. पण रविवारी मी भाजी घेऊन येत होते, तर गल्लीच्या तोंडाशी, त्याच गोदामाच्या भिंतीपाशी, गर्दी. भिंतीला ताजा चुना. शिडीवर भाड्याने आणलेला एक रंगारी, आणि खाली उभा राहून त्याला सांगणारा आमचा श्रीहरी. “रा जरा मोठा घे. पुढें जागा सोड, स्वामी दाटतोय.” कामगारांचे कैवारी मंत्री रामस्वामी यांचं हार्दिक स्वागत. कोपऱ्यात पुढच्या निवडणुकीचं साल घालायलाही त्यानेच सांगितलं. पाच वर्षांची बेगमी! शेजारी राणोजीराव फोनवर फोटो काढत होते.

मला वाटलं चुन्याची बादली उचलावी आणि सगळ्यांच्या तोंडावर रिकामी करावी. मी उचललीही. श्रीहरीने माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की तो खूश आहे. अक्षरं बरोबर पडत होती म्हणून. सहा वर्षांत त्याचा असा चेहरा मी बघितला नव्हता. मी बादली खाली ठेवली आणि घरी आले. त्याचा राग येणं यामुळे थांबलं नाही, उलट वाढलं. इतक्या स्वस्तात त्याला खूश करता येत होतं, आणि इळमारनच्या पक्षातल्या एकालाही सहा वर्षांत ते सुचलं नव्हतं. त्याला भिंतीपाशी नुसतं उभं करायचं होतं. रामस्वामीला वाचवायची गरज पडली तेव्हा सुचलं.

सोमवारी आम्ही एकाच घरातून दोन ऑटोंनी कोर्टात गेलो.

रामस्वामी आला नव्हता. शपथविधीच्या कामात असल्यामुळे हजेरीतून सूट, असा त्याच्या वकिलाचा अर्ज होता. ते चौघे मात्र आले होते, इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून. आमच्या बाजूचा सरकारी वकील वारा कुठून वाहतो ते बघून आलेला होता. मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही बाहेर बसा. गरज लागली तर बोलवू.” आतलं बाहेर ऐकू येत होतं. पंखे जुने आणि दार उघडं.

श्रीहरीने सांगितलं की तो शिडीवरून पडला. शिडीशेजारी ठोकळे रचलेले होते, ते हातावर आले. गाडी? गाडी नव्हती. माणसं? माणसं नव्हती. मग पोलिसांत तक्रार कशी दिली? शुद्धीवर नव्हतो, कुणी लिहिलं माहीत नाही. पाच मिनिटांत आटोपलं. सरकारी वकिलाने त्याला साधा उलट प्रश्नही विचारला नाही. मग म्हणाला, “मूळ साक्षीदारच असं सांगतो आहे, तेव्हा दुसऱ्या साक्षीदाराची आवश्यकता नाही.”

मी आत गेले. शिपाई थांबवत होता, त्याला बाजूला केलं. विमा कंपनीत सव्वीस वर्षं काउंटर सांभाळलाय, माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

“मी साक्षीदार क्रमांक दोन,” मी म्हटलं. “मला समन्स आलं आहे. हे बघा. मला न विचारता परत पाठवायचं असेल तर तसं लिहून द्या.”

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून सरकारी वकिलाकडे बघितलं, मग कागदाकडे, मग माझ्याकडे. “या,” म्हणाल्या.

मी पिंजऱ्यात चढले आणि सांगितलं. डबा, अडीचची वेळ, पांढरी गाडी, काच, प्रश्न, दोनदा घातलेला ठोकळा. चौघांना बोट दाखवून ओळखलं. गाडीत कोण होतं ते पूर्ण नावानिशी सांगितलं, आणि तो आज कुठे आहे तेही. आठवडाभर मी हेच घोकत होते. एकदाही अडखळले नाही. इळमारन, रामस्वामी, राणोजी मामा, कुणीही समोर आलं असतं तर त्याला पुरून उरेन एवढा राग माझ्यापाशी होता.

मग रामस्वामीचा वकील उठला. म्हातारा, मऊ बोलणारा. त्याने गाडीबद्दल विचारलं नाही, वेळेबद्दल नाही. विचारलं, “जखमी माणूस तुमचा कोण?”

“भाऊ.”

“सख्खा?”

“सख्खा. वडील गेल्यापासून मीच वाढवला.”

“त्यांनी आत्ताच शपथेवर सांगितलं की ते शिडीवरून पडले. तुम्ही सांगता, हात ठेचला. दोन्ही खरं असू शकत नाही. मग तुमचं म्हणणं असं का, की तुमचा भाऊ या कोर्टात शपथेवर खोटं बोलला?”

याची तयारी मी केली नव्हती. श्रीहरी दाराजवळ उभा होता. नवा शर्ट, कला मंडळावर जायच्या दिवसासाठी घेतलेला असावा. बटणं रंजनीने लावली असणार. तो मान खाली घालेल असं मला वाटलं, म्हणजे बोलणं सोपं गेलं असतं. त्याने खाली घातली नाही. तो माझ्याकडेच बघत होता, लहानपणी मी सोडून निघाले की शाळेच्या फाटकातून बघायचा तसा.

“उत्तर द्या, अम्मा,” वकील म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. “खोटं बोलला.”

टंकलेखकाला पंख्याच्या आवाजात ऐकू गेलं नाही. त्याने हात थांबवून विचारलं, काय म्हणालात? न्यायाधीशबाई म्हणाल्या, पूर्ण वाक्य सांगा, सावकाश, त्याला लिहून घेता येईल असं. मग मी एकेक शब्द सांगितला. माझा. सख्खा. भाऊ. श्रीहरी. कोर्टात. शपथेवर. खोटं. बोलला. प्रत्येक शब्दानंतर तो मान हलवायचा आणि मी पुढचा द्यायची. सगळं टाइप होऊन कागद यंत्राबाहेर येईपर्यंत श्रीहरी आणि मी एकमेकांकडे बघत थांबलो होतो.