इंदुवहिनींचा भोंगा

आमच्या गल्लीत ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले सात म्हातारे राहतात. मी त्यांतला एक, आणि बाकीचे सहा तुम्हाला सांगतील की यज्ञेश्वर थापा मारतो. मारतो. पण या गोष्टीत मला पदरचं फारसं काही घालावंच लागलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

खंडेराव गेटाच्या आत दुसरी गल्ली. तोंडाशी खांबावर ट्रान्सफॉर्मर, आणि मधोमध इंदुमतीवहिनींचं दोन खोल्यांचं घर. वहिनी कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला ट्रेसर होत्या. इंजिनियर लोक जे खरडायचे ते वहिनींनी तीस वर्षं शाईनं स्वच्छ उतरवून दिलं. खाली सही इंजिनियरची. त्यांचा नवरा उत्तम माझा जिगरी दोस्त. नोकरी वाइंडिंग शॉपला, पण जीव पखवाजात. डाव्या पुडीला कणीक लावून त्यानं एक 'धूम' काढली की किल्ल्यावरची वटवाघळं भरदिवसा उडायची. एकदा तर त्या आवाजानं लांबच्या टहरौली गावात एक म्हैस आठवडाभर आधी व्याली. पारडू निरोगी होतं, मी पाहून आलो.

उत्तम पाच वर्षांपूर्वी गेला. मग वहिनींचे कानही हळूहळू गेले. आधी कोकिळा गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. उरला फक्त अगदी खालचा आवाज, म्हणजे मालगाडी आणि ट्रकचं इंजिन. कानाचं मशीन आणलं तर त्यातून पातेली ऐकू यायची, माणसं नाही. तोंडाशी तोंड नेऊन बोललं की ओठ बघून सगळं कळायचं, पण पाठीमागून तोफ डागली तरी वहिनी तांदूळ निवडत बसणार.

अशात मे महिन्यात त्यांचा मुलगा इंद्रजीत रजेवर आला. लष्करात मेजर आहे, पुण्याला असतो. पाऊण तास उन्हात घंटा दाबत उभा राहिला, आणि शेवटी माझ्या गच्चीवरून उडी मारून स्वतःच्याच घरात शिरला. आई समोर बसून चहा पीत होती. त्यानं आतून दार उघडलं तसा मीही आत आलो.

"आई, बस हो गया!" तो तिच्या तोंडासमोर उभा राहून ओरडला. "घर विकून टाकू. पुण्याला चल."

"नाही येणार."

"तुला दाराची घंटा ऐकू येत नाही! उद्या तू पडलीस, कोणी आलं, तर उघडणार कोण?"

"मीच उघडणार. दिवाळीनंतरच्या रविवारी ये, दुपारी चार वाजता. दार वाजव. नाही उघडलं तर पिशवी घेऊन तुझ्या गाडीत बसते. उघडलं, तर पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाही."

"कान तर तेच राहणार ना?"

"कान तेच. घंटा बदलते."

मेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. राणीच्या या गावात 'देणार नाही' म्हणायला कुणाला शिकवावं लागत नाही.

तो गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, घंटेला दिवा लावून देतो. दाबली की लुकलुकेल."

"मी काय रेल्वेचं फाटक आहे का भाऊजी? आणि दिवा दिसायला दिव्याकडे बघत बसावं लागतं. मला कामं आहेत. मला आवाज हवाय. यांचा." त्यांनी कपाटातून एक कॅसेट काढली. उत्तमचा पखवाज. "ही 'धूम' घंटेला जोडायची. मला ऐकू येईल एवढी मोठी करायची."

"त्यासाठी लग्नातल्या डीजेचा ट्रक लागेल."

"भोंगा लागेल," वहिनी म्हणाल्या, आणि ट्रेसिंग पेपर पसरला.

भोंग्याचं गणित सोपं आहे. बारीक तोंडाशी छोटा स्पीकर बसवायचा, पुढे वाट हळूहळू रुंद करत न्यायची, म्हणजे दुसऱ्या टोकाला आवाज मोठा होऊन बाहेर पडतो. पण जितका आवाज खालचा, तितकी वाट लांब. 'धूम'साठी सव्वादोन मीटर लागत होती. एवढी सरळ नळी खोलीत मावेना, म्हणून वहिनींनी ती आतल्या आत दुमडली. दिसायला कपाट, पोटात वळणावळणाची गल्ली. वहीएवढ्या भोकापासून सुरू होऊन चुलीच्या धुराड्यापेक्षा मोठ्या तोंडापर्यंत. चार महिने पेन्सिल, खोडरबर, पुन्हा पेन्सिल. शेवटी शाई. आणि खाली कोपऱ्यात, जन्मात पहिल्यांदा, स्वतःची सही.

सीपरी बाजारातून जाड प्लायवुड आणलं. हरदास मिस्त्री पुढच्या खोलीत कापायला बसला. पहिल्याच दिवशी विचारता झाला, "काए अम्मा, जौ हाथी कौ पिंजरा आय का?"

अम्मांना ऐकू आलं नाही, त्यामुळे त्याला उत्तर मिळालं नाही आणि काम झटपट झालं. फटीतून हवा सुटली तर भोंगा फुकट, म्हणून प्रत्येक सांध्यावर वहिनी उदबत्ती फिरवत बसायच्या. धूर हलला की डिंक. शेजारच्या रजनीबाईंना वाटलं, कसलं तरी अनुष्ठान चाललंय. त्या रोज नारळ ठेवून जायच्या. आम्ही ते खाल्ले.

पेटी तयार झाली आणि घोटाळा उघडकीला आला. तोंड आत स्वयंपाकघराकडे यायला हवं होतं, जिथे वहिनी दिवसभर बसतात. पण पेटी जोडली होती तोंड रस्त्याकडे करून, आणि आता ती वळेचना. नकाशापेक्षा वीतभर मोठी झाली होती. हरदासनं टेप लावली, मी लावली. वहिनींनी नकाशा काढला, बघत राहिल्या आणि कपाळावर हात मारला.

"भाऊजी, मी फळ्यांची जाडी धरलीच नाही. तीस वर्षं रेघा काढल्या. रेघेला कुठे जाडी असते?"

म्हणजे भोंग्याचं मोठं तोंड दाराच्या उजव्या फळीपासून चार बोटांवर आलेलं, बारीक टोक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, आणि ये-जा करायला दाराची फक्त डावी फळी. मी म्हटलं, "तोडू या." वहिनींनी ओठ वाचले, पण वाचले नाहीत असं दाखवलं.

रविवारची परीक्षा. शुक्रवारी सकाळी आम्ही पहिली चाचणी घेतली. बारीक टोकाशी स्पीकर बसवला, ॲम्प्लिफायर लावला, मी बाहेर जाऊन घंटा दाबली.

धूम!

दाराची कडी उडाली. नाल्यातलं पाणी दोन पावलं उलटं सरकलं. तोंड रस्त्याकडे असल्यामुळे सगळा आवाज गल्लीला मिळाला, आणि गल्लीत कोण राहतात? ज्यांनी आयुष्यभर ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकून त्याचा आजार ओळखला ते. सहाच्या सहा जण बनियनवर बाहेर.

"ट्रान्सफॉर्मरची कोअर ढिली झाली!" त्यांतले सुभाषचंद्र ओरडले.

"कोअर नाही, टाकीला तडा गेलाय. हटो, हटो सब!" दुसरा एक जण.

मी हात हलवून सांगतोय की अरे, तो उत्तमचा पखवाज आहे. पण माझं कोण ऐकणार, मी थापाड्या. सुभाषचंद्रांनी बांबूनं खांबावरचा फ्यूज ओढला. इथवर ठीक होतं. पण आमच्या लोकांना कुठलीही चाचणी एकदा करून चैन पडत नाही. टेस्टिंगचा नियम तीनदा. त्यांनी फ्यूज परत लावला, काढला, लावला, काढला, लावला. तिसऱ्यांदा ॲम्प्लिफायरमधून धूर आला आणि स्पीकरची कॉइल जळून गेली.

नवा स्पीकर दिल्लीहून यायला आठ दिवस. परीक्षेला दोन.

सुभाषचंद्र कान धरून उभे राहिले. "भाभीजी, माफ करा. इंद्रजीतला आम्ही समजावतो. तारीख पुढे ढकलू."

"तारीख ढकलायची नाही," वहिनी म्हणाल्या. "मी शब्द दिलाय, मुदत मागितली नाही." मग पेचकस घेतला, जळका स्पीकर उघडून काढला आणि माझ्या हातात दिला. पेटीच्या बारीक टोकाला नुसतं भोक राहिलं. रविवारी मी गेलो तेव्हा त्यांनी त्या भोकाशी पाट टाकला होता आणि डावा कान भोकाला लावून मटार सोलत बसल्या होत्या. पिशवी भरलेली नव्हती. मी पाहिलं.

चार वाजता म्हणजे फौजेत पावणेचार. इंद्रजीतची गाडी लागली. त्यानं घंटा दाबली. घंटेतून काय येणार, तारच कुठे जोडलेली होती? मी स्वयंपाकघरात, हात खिशात. मग त्यानं मुठीनं दार ठोकलं. उजव्या फळीवर. दोनदा.

वहिनींच्या हातातली शेंग थांबली.

त्या उठल्या, पदर झटकला, गेल्या आणि डावी फळी उघडली. "ये. पाय धू."

मेजरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण बापाचा मुलगा, कारखान्याचं रक्त. "एकदा उघडलं, त्यानं काही सिद्ध होत नाही. काकांनी खूण केली असणार. काका, बाहेर या!"

मला गल्लीत त्याच्या शेजारी उभं केलं. दार बंद. या वेळी पाच ठोके, अगदी बोटाच्या पेरानं, हळू. दार उघडलं. "पाच. आणि चौथा जरा कमी पडला."

तिसऱ्यांदा त्यानं हात उचलला आणि तसाच धरला. ठोकलंच नाही. मिनिट गेलं. दार उघडलं.

"ठोकलं नाहीस," वहिनी म्हणाल्या. "नुसता उभा होतास, डाव्या पायावर भार देऊन. गुडघा अजून दुखतो का?"

हे शेवटचं मी घातलंय असं सुभाषचंद्र म्हणतात. ते तेव्हा घरात झोपले होते.

इंद्रजीत आत आला. पेटीभोवती फिरला, भोकात बघितलं. "हे आहे तरी काय?"

"भोंगा. लहान टोकाला आवाज घातला तर मोठ्या टोकाला मोठा होतो. मोठ्या टोकाला घातला तर सगळा गोळा होऊन लहान टोकाला येतो. माझं डिझाइन आहे. खाली सही बघ."

"आई, पण—"

"पण-बिण नाही. बस इथे. कान लाव."

त्याला पाटावर बसवून वहिनी बाहेर गेल्या, मला घेऊन, आणि डावी फळी बाहेरून ओढून घेतली, तशी आतली कडी पडली. मग उजव्या फळीवर दोन्ही तळवे ठेवले. पंचेचाळीस वर्षं उत्तमच्या ज्या ठेक्यावर त्यांनी पोळ्या लाटल्या होत्या तोच ठेका, तळव्याचा भार देऊन, सावकाश. डावा हात पडला की लाकूड आतून 'धूम' म्हणायचं. मला चांगलं ऐकू येतं, तरी मी दाराला हात लावून उभा राहिलो. गल्लीतले सहाही जण बाहेर आले. कुणी फ्यूजकडे गेलं नाही.

एक आवर्तन झालं. दुसरं झालं. वहिनींनी हात थांबवले आणि वाट पाहिली. आतून काही हालचाल नाही. त्यांनी पुन्हा दार ठोकलं. नाही. मी फटीतून डोकावलो. मेजरसाहेब भोकाला कान लावून बसलेले, डोळे मिटलेले, आणि नाकाचं पाणी मिशीत उतरलेलं.

वहिनींनी कमरेवर हात ठेवले.

"इंद्रा! अरे, दार उघड! किती वेळ ठोकतेय, ऐकू येत नाही का तुला? आणि तू पुण्याला एकटा राहतोस?"