व्याख्यात्याच्या आईचा उजवा हात

व्याख्याते महाशयांना एक शब्द सापडला होता, न्यूरोप्लास्टिसिटी, आणि तो त्यांनी पार झिजवून टाकला होता. मेंदू स्वतःला नव्याने घडवू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. 'नुसत्या चांगल्या विचारांनी' हे शेपूट त्यांनी पदरचं जोडलेलं. पण हॉल भरत होते, माना डोलत होत्या, मग विचारतो कोण!

त्यांची आई टेलर. चाळीस वर्षं कात्री चालवलेला तिचा उजवा हात, तीन महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आल्यापासून मांडीवर पडून होता. तिला पुन्हा कापड बेतायचं होतं, दुसरं काही नको होतं. आणि घरात काय चाललेलं? मुलगा चमच्याने भरवी, सून ब्लाउजची बटणं लावी. हिने उजवा हात जरा हलवायला घेतला, की दोघं धावत येत.

"आई, तू फक्त डोळे मीट आणि हात हलतोय असं चित्र बघ."

"चित्रच बघायचं तर टीव्ही लाव ना मेल्या!"

फिजिओथेरपिस्ट मुलगी यायला लागली, ती फटकळच होती. तिने हा प्रकार पाहिला आणि कपाळावर हात मारला. "काकू, शब्द खरा आहे, पण यांनी अर्धाच वाचलाय. जे काम आपण पुन्हा पुन्हा करतो, त्याने मेंदू घडतो. काहीच केलं नाही, तर या हाताची गरजच नाही हेही तो शिकतो. तुमच्या घरात रोज तोच धडा चाललाय. आणखी उशीर केलात तर फार जड जाईल."

तिने एक जाड, सगळी बोटं आत कोंडून ठेवणारा हातमोजा दिला. रोज काही तास तो चांगल्या डाव्या हातावर चढवायचा आणि जमेल तेवढं उजव्यानेच करायचं.

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हा शहाणा जगाला मेंदू घडवायला शिकवतो आणि घरात आईचा हात घालवतो! पण मोजा दिसला रे दिसला की मुलगा तो काढून टाकी. म्हणे, आईचे हाल बघवत नाहीत.

पुढच्या व्याख्यानाला त्याने तिलाच स्टेजवर नेऊन बसवलं. "ही माझी आई! हिचा मेंदू या क्षणी स्वतःला घडवतोय!" टाळ्या झाल्या. तो माईक घेऊन तिच्या तोंडापाशी वाकला.

तोवर तिने पिशवीतून मोजा काढून दातांनी डाव्या हातावर ओढून घेतला होता. "माईक टेबलावर ठेव."

"आई, मी धरतो ना."

"ठेव म्हटलं ना!"

त्याने ठेवला. उजवा हात टेबलावरून सरपटत निघाला. बोटं माईकला लागली, घसरली. पुन्हा लागली, पुन्हा घसरली.

"आई, लोक बघताहेत," तो कुजबुजला.

"बघू देत. मेंदू कसा घडतो तेच बघायला आलेत ना?"

चौथ्या खेपेला अंगठा अडकला. माईक वीतभर उचलला गेला आणि धाडकन पडला. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मुलगा माईककडे झेपावला.

"हात लावशील तर याद राख!" ती कडाडली. "आणि टाळ्या नकोत. वेळ लागणार आहे, ज्यांना बसायचंय त्यांनी बसा."

आणि तिने पाचव्यांदा हात पुढे सरकवला.