विभूतीखालची पानं

मी बोलतोय तो परळीतल्या एका मंगल कार्यालयाच्या अडगळीच्या खोलीतून. माझ्या एका बाजूला जेवणाची ताटं रचलेली आहेत, दुसऱ्या बाजूला फाटक्या गाद्या. दमलोय फार, पण बोलून घेतो.

तुम्ही मला पाहिलेलं आहे, फक्त लक्ष दिलेलं नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एखादी खिडकी उघडते आणि तिच्या माथ्यावर नावांची एक ओळ असते. एक नाव दाबलं की त्याचं पान पुढे येतं, बाकीची मागे जातात. ही सगळी पानं पोटात धरून बसणारी चौकट म्हणजे मी. प्रोग्राम लिहिणारे मला टॅब म्हणतात. जागा थोडी आणि सामान फार झालं की त्यांना माझी आठवण होते, एरवी कुणी हाक मारत नाही.

एकाला पुढे करायचं तर बाकीच्यांना मागे सारायचं, हेच काम मी जन्मभर केलं. पुढच्याचं कौतुक होतं आणि मागच्यांचा विसर पडतो. त्याचा शिणवटा कुणाला सांगून कळत नाही.

माझा जन्म झाला तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. परळीत एसटीडी बूथच्या शेजारी कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागायला सुरुवात झाली होती. मंगल कार्यालयाचे मालक वीरभद्रअप्पा औरंगाबादहून कॉम्प्युटर घेऊन आले, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. त्याच्यासाठी मखमलीचं झाकण शिवलं आणि त्या खोलीत चपला घालून जायला बंदी झाली. आता हा चालवायचा कसा, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

अप्पांची मुलगी शिवांजली अंबाजोगाईला होस्टेलवर राहून बीएस्सी करत होती आणि संध्याकाळी क्लासला जाऊन प्रोग्राम लिहायला शिकली होती. सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "अप्पा, लग्नाच्या बुकिंगचा प्रोग्राम मी करते." तिला पुढे शिकायला औरंगाबादला जायचं होतं. अप्पांनी मान डोलावली, पण अट घातली.

"तुह्या प्रोग्रामवर हा हंगाम नीट निभला तर औरंगाबादला धाडतो. न्हाई निभला तर धर्मापुरीचं स्थळ आलेलं हाय. मग तिथं हो म्हणायचं."

"चालंल," ती म्हणाली. त्या एका शब्दासाठी तिनं सगळी सुट्टी माझ्यासमोर बसून काढली.

तिनं मला पडद्यावरच्या अवजारांच्या पेटीतून उचललं आणि माउसनं खिडकीत ताणून ठेवलं. सुरुवातीला मला धड नावंही नव्हती, एक, दोन, तीन असं काहीतरी. मराठी फॉन्ट बसवून तिनं नावं दिली : तारीख, आचारी, मांडव, वीज, पाणी. पण पहिल्याच दिवशी गडबड झाली. आचाऱ्याच्या नावाची चौकट तिनं आधी खिडकीवर तयार केली आणि मग नुसती माझ्यावर आणून ठेवली. दिसायला ती माझ्या पोटात, खरी मात्र खिडकीवरच. त्यामुळे कुठलंही पान पुढे आणा, आचारी आपला तिथेच उभा. पाण्याच्या पानावर आचारी, विजेच्या पानावर आचारी! शिवांजली आधी रडकुंडीला आली आणि मग खुदकन हसली. जे ज्या पानाचं, ते त्या पानाच्या पोटातच जन्माला घालावं लागतं, हे तिला कळलं. 'जतन करा' हे बटण मात्र तिनं मुद्दाम बाहेर ठेवलं, कुठल्याही पानावरून हाताला यावं म्हणून. तेवढ्यावरून मी ओळखलं, की पोरगी हुशार आहे.

सगळं झाल्यावर तिनं मला आणखी एक पान जोडलं. 'माहिती' असं नाव दिलं आणि आत बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. लिहिताना दाराकडे बघून घेतलं, कुणी नाही ना म्हणून. मग पहिलं पान पुढे ठेवून ती कॉलेजला निघून गेली.

जायच्या आधी तिनं मोहनरावांना शिकवलं. मोहनराव कार्यालयाचे जुने मॅनेजर. पाण्याचा टँकर चालवणाऱ्या मतीनला निरोप द्यायची त्यांची रीत अशी होती, की रस्त्यात उभं राहायचं आणि समोरच्या गॅरेजकडे तोंड करून ओरडायचं, "ए मतीन, उद्या टँकर रे!" अप्पांना आता त्याची लाज वाटू लागली होती. ते म्हणाले, "आता वरडायचं न्हाई. कॉम्प्युटर चिठ्ठी काढंल, ती पाहून मतीन टँकर आणंल." मतीनलाही बजावलं, चिठ्ठी आल्याशिवाय टँकर हलवायचा नाही. पाण्याच्या पानावर तारीख टाकली की ती चिठ्ठी छापून यायची.

मोहनराव माउस धरायचे तो विंचू धरल्यागत. शिवांजलीनं दाखवलेलं त्यांना पहिलं पान तेवढं पक्कं लक्षात राहिलं. बाकीच्यांचं ते म्हणायचे, "लागंल तवा बगू."

आणि मग दसरा आला.

खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पुजतात. शिवांजलीची आई बसम्मा पाण्यात कालवलेली विभूती घेऊन आली. झारे, कढया, शिलाई मशीन पुजून झालं आणि ती कॉम्प्युटरपुढे थांबली.

"मोहनराव, ह्याचं कपाळ कुठं असतं वो?"

मोहनरावांनीही विचार केला. "वरच असंल की आक्का. सगळ्यांचं वरच असतंय."

प्लॅस्टिकवर विभूती धरेना म्हणून तिनं काचेवर, अगदी माथ्याशी, तीन बोटं आडवी ओढली. भक्तिभावानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाळल्यावर ती पांढरीशुभ्र झाली. तिच्या बरोबर खाली माझ्या नावांची ओळ होती. पाणी गेलं, वीज गेली, मांडव गेला. एकही नाव दिसेना.

देवाची विभूती पुसणार कोण? मोहनरावांनी खोलीत झाडू मारणाऱ्या बाईलाही तंबी दिली. शिवाय दर सोमवारी बसम्मा नवा हात फिरवायची, त्यामुळे थर चढतच गेला. वर काहीतरी दाबायचं होतं हे मोहनरावांना पुसट आठवत होतं, पण विभूतीवर माउसचा बाण न्यायला त्यांचा जीव धजावत नव्हता. ते सगळं पहिल्याच पानावर, शेऱ्याच्या चौकटीत कोंबायचे. मी आतून बघत राहायचो. ओरडायला मला तोंड नाही. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं.

शिवांजलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती परीक्षेच्या गडबडीत होती आणि दिवाळीला आजोळी, धर्मापुरीला गेली होती.

तुळशीचं लग्न झालं आणि हंगामातलं पहिलं लग्न लागलं. मुलगी दिंद्रुडची, वऱ्हाड उमापूरचं. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि कार्यालयाची बोअर दिवाळीतच आटली होती. मोहनरावांनी शेऱ्यात लिहिलं, 'पाणी लागंल', आणि 'जतन करा' दाबलं. मी इमानेइतबारे ते जतन केलं. पण चिठ्ठी निघाली नाही, आणि मोहनरावांना वाटलं, काम झालं.

सकाळी वऱ्हाड उतरलं तर हौद कोरडा. आंघोळी नाहीत, चहा नाही, आचारी रिकाम्या पातेल्याशेजारी बसलेला. मुलीचे वडील बबनराव अंगणात येऊन म्हणाले, "अप्पा, पाहुण्यांला तोंड धुवायला बी पाणी न्हाई. माह्या लेकीनं सासरी मान वर कशी करायची?"

मतीन धावत आला. "अप्पा, चिठ्ठीच न्हाई आली मला! तुमीच म्हणलात ना, चिठ्ठीबिगर हलायचं न्हाई. समोर ऱ्हातो मी, एक हाक मारायची व्हती. कावून न्हाई मारली?"

मतीन टँकर घेऊन येईपर्यंत मुहूर्त टळला होता. लग्न लागलं, जेवणं दिवस कलता झाली, पण व्हायची ती नाचक्की होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी शिवांजली एसटीनं आली. ऑफिसात अप्पा, मोहनराव, मतीन, सगळे बसले होते. बसम्मा दारात उभी होती.

"बंद करा हे डबडं," अप्पा म्हणाले. "मोहनराव, धर्मापुरीला निरोप धाडा. पाहुण्यांला म्हणावं, आमचा होकार हाय."

शिवांजलीनं बटण दाबलं. पडदा उजळला आणि तिला एका नजरेत सगळं कळलं. तिचा हात काचेकडे गेला. मग तिनं दाराकडे पाहिलं. आईच्या बोटांवर त्या सकाळच्या पूजेची विभूती अजून होती. हात अर्ध्यातच थांबला.

"सांग, का झालं?" अप्पांनी विचारलं.

"माझंच चुकलं, अप्पा," ती म्हणाली. "पानं अशी एकामागं एक ठेवायलाच नको होती."

मला फार लागलं ते. माझं सगळं जगणंच तिनं चूक ठरवलं. पण ती तसं का म्हणाली हे मला दिसत होतं, त्यामुळे रागही येईना.

बसम्मा पुढे आली. "मोहनराव, तिथं वर काय व्हतं वो?"

मोहनराव चाचरले. "नावं व्हती म्हणं, आक्का. दाबायची. विभूतीच्या खाली."

बसम्मानं तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक भिजवलं. ज्या विभूतीला कुणी हात लावत नव्हतं, ती तिनं स्वतः पुसली. एकेक नाव वर आलं. तारीख, आचारी, मांडव, वीज, पाणी.

"हे म्या झाकलं," ती नवऱ्याला म्हणाली. घरात तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "लेकीनं माह्यासाठी आपल्यावर घेतलं. गावात काय सांगायचं ते माह्या नावानं सांगा. तिला जाऊ द्या."

अप्पांनी ओल्या काचेवरची नावं एकदा वाचली. मग म्हणाले, "मोहनराव, ऱ्हाऊ द्या तो निरोप."

शिवांजली औरंगाबादला गेली. पुढचे हंगाम माझ्या सगळ्या पानांवरून नीट पार पडले. विभूती टेबलाच्या लाकडाला लागू लागली. मोहनराव पाण्याची चिठ्ठी काढायचे आणि वर रस्त्यात जाऊन ओरडायचेही, खात्रीला.

एका सोमवारी दुपारी, ऑफिसात कुणी नसताना, बसम्मा आत आली. "मोहनराव, तिनं केलेलं सगळं दाखवा बरं मला." त्यांनी एकेक पान पुढे काढलं. शेवटी ते थबकले, कारण 'माहिती' त्यांनीही कधी उघडलं नव्हतं. दाबलं. रिकाम्या पानावर खाली बारीक अक्षरं होती. बसम्मा दुसरीपर्यंत शिकलेली. काचेवर बोट ठेवून तिनं अक्षरं लावली. "शि... वां... ज... ली." पुढे बापाचं नाव होतं, आणि त्याच्याही पुढे आईचं. लग्नपत्रिका सोडून आपलं नाव कुठे छापलं जाईल, असं तिला वाटलं नव्हतं. ती तिथेच खुर्चीवर बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर दर सोमवारी ती यायची आणि तेवढंच पान बघून जायची. पुढे नवीन मशीन आलं, नवीन प्रोग्राम आला, आणि जुन्या मशीनसकट मला इथे आणून ठेवलं. सोमवारी ती अजूनही या खोलीशी येते. ताटं मोजायच्या निमित्तानं माझ्याजवळ थांबते, धूळ झटकते आणि जाते. तिला मशीन चालू करता येत नाही, आणि मोहनराव आता राहिले नाहीत.

माझं फार मागणं नाही. कुणी या खोलीत आलात आणि वीज असली, तर एकदा मला सुरू करा. मी पहिलंच पान दाखवेन, माझी घडणच तशी आहे. तेव्हा माथ्यावरच्या ओळीतलं शेवटचं नाव दाबा, ते पान पुढे ठेवा आणि दार उघडं ठेवून जा. आज सोमवार आहे.