कपाटात टांगलेली वाकळ

मित्रांनो, मी एक जुनी वाकळ, म्हणजे गोधडी आहे आणि एक दुपार सोडली तर गेली सहा वर्षे मी कोणाच्याही अंगावर नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात, भिंतीतल्या रिकाम्या कपाटात, मला चार खिळ्यांवर टांगले आहे.

माझा जन्म मुरगूडचा. शालूबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. आईच्या जुन्या लुगड्यांचे थर अंथरून त्यांनी मला शिवले. टाके घालताना त्या पोटातल्या जिवाशी बोलत राहत. म्हणून ऊब माझ्यात नंतर आली, आवाज आधी आला.

तो जीव म्हणजे राजनंदिनी. लहानपणी माझ्याखाली शिरून ती शेजारणींची भांडणे हुबेहूब वठवी, दोन्ही बाजूंनी. शालूबाई हसून म्हणत, "तुझ्या एकटीच्या तोंडात अख्खी गल्ली हाय की." त्या दिवसांत माझ्यासारखी भाग्यवान वाकळ दुसरी नसेल.

पुढे राजनंदिनीने ठरवले की पडद्यावरच्या पात्रांना आवाज द्यायचा, त्यावरच जगायचे. कुठेतरी तिने वाचले की ध्वनिमुद्रणाच्या जागेत आवाज घुमता कामा नये. तिने कपाट रिकामे केले आणि आत मला टांगले. भिंतीवर पडलेला आवाज परत फिरतो. माझ्यावर पडलेला फिरत नाही. तेच माझे नवे काम झाले.

सकाळी ती औषधांच्या दुकानात उभी राही, दुपारी माझ्यासमोर. पेठेतल्या तालमीचा संघ फुटबॉलचा सामना जिंकला की गल्लीत हलग्या घुमत. त्या दुपारी मुद्रण होत नसे; ती मोबाइल हातात धरून नुसती बसून राही. तिने पाठवलेल्या पहिल्या नमुन्याला मुंबईहून उत्तर आले, की आवाज उत्तम आहे, मात्र बोलण्याला गावाचा वास येतो.

मग तिने तो वास घालवायला घेतला. 'हाय' खरवडला, 'न्हाय' खरवडला, वाक्याच्या शेवटी येणारा तो हट्टी 'की' उपटून काढला. जे जे तिने टाकले, ते मी गिळले. घरातही ती छापील बोलू लागली. एकदा शालूबाई ताट वाढताना म्हणाल्या, "आपल्याच घरात पावण्यागत बोलतीस गं."

सहा वर्षांत काम आले नाही. आले ते गेल्या महिन्यात. पुण्याच्या एका स्टुडिओला मुलांच्या कार्टून मालिकेसाठी कागलच्या बाजारातली भाजीवाली हवी होती, अस्सल इकडच्या बोलीची. राजनंदिनीचा पत्ता कोल्हापूरचा, म्हणून तिला विचारले. त्याच दिवशी ती कपाटात शिरली.

"व्हय, माझंच हाय हे." एवढेच वाक्य होते. ते तिने अकरा वेळा म्हटले. प्रत्येक वेळी शब्द बरोबर आले आणि प्रत्येक वेळी ते उसने वाटले. मला कळत होते. मला सांगता येत नव्हते.

मुद्रण पाठवल्यावर चौथ्या दिवशी फोन आला. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलला. "मॅडम, नक्कल छान जमलीय. पण आम्हाला तिकडचंच कोणीतरी हवं होतं."

"मी इथलीच आहे," राजनंदिनी म्हणाली. स्वच्छ, निर्दोष उच्चारांत.

मग त्याने आभार मानले.

त्या दुपारी तिने मला खिळ्यांवरून उतरवले आणि कित्येक वर्षांनी अंगावर घेतले. ती झोपली. मी वाट पाहत राहिले. झोपेत माणूस राखण सोडतो, तेव्हा तरी ते जुने बोलणे ओठांवर येईल, असे मला वाटले. ती एकदाच पुटपुटली, "मला जमत नाही." तेही छापील.

संध्याकाळी तिने मला पुन्हा टांगले.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी आपल्या बोलीत बोलत असेल, तर त्याचे बोलणे सुधारायला जाऊ नका. आणि तुमची बोली तुम्हीच टाकायला निघालात, तर ती कोणापाशी टाकता ते पाहा. माझ्या थरांत एका मुलीची अख्खी गल्ली पडून आहे. मला आवाज गिळता येतो. परत देता येत नाही.