तीन मिलिमीटरचा पत्रा

चौतीस वर्षं मी जबलपुरात रांझीच्या फॅक्टरीत लष्कराचे ट्रक जोडले. एकाचाही तळ कधी वाकला नाही. आणि माझी पोरगी यामिनी शहरात नव्यानं चालायच्या मोनोरेलचा डबा बनवून राहिली होती, तळाला तीन मिलिमीटरचा पत्रा लावून. म्हणे इंजिनियर!

रिछाईच्या तिच्या वर्कशॉपात तिनेच मला देखरेखीला लावलं. मालकाला म्हणाली, आमच्या बाबांसारखा, गुणवंतरावांसारखा फिटर अख्ख्या जबलपुरात मिळायचा नाही. तेवढं एक वाक्य सोडलं तर तिथं अकलेचं बोलणं मी ऐकलं नाही. चष्मेवाली पोरं दिवसभर स्क्रीनवर डबा गोल गोल फिरवत बसायची. एकाच्याही नखात ग्रीस नाही.

यामिनीचं एकच पालुपद, वजन. डबा नऊ टनांच्या आतच पाहिजे. हलका डबा वीज कमी खातो, त्याला बारीक खांब पुरतात, आणि जाड खांब उभे केले तर रांझीच्या रस्त्यावरून बस जाईल कुठून? ठीक आहे. पण चढणार कोण? पनागरच्या भाजीवाल्या पोती घेऊन, अन् शिफ्ट सुटल्यावर आमचे लोक एकावर एक. मी विचारलं, हा पत्रा आहे का पापड? ती हसली, म्हणाली भार खालच्या आडव्या पट्ट्या घेतात, आणि हिशेबाचा कागद पुढे केला. मी तो न बघताच परत दिला. कागदावर काय, गाढवाचाही घोडा होतो.

आम्हा जुन्या फिटरांची एक रीत होती. नकाशात लिहिलंय त्याहून जाड पत्रा लावायचा आणि गप्प बसायचं. ट्रकला कोण तोलतो? मी स्टोअरवाल्या धनेशला पाच मिलिमीटरचा पत्रा काढायला सांगितला आणि तळाला तोच बसवला. तोही आमच्यातलाच रिटायर, त्यानं काहून म्हणून विचारलं नाही.

तपासणीला मोनोरेल समितीचे शालिग्रामजी आले. वजन बसलं तर यामिनीचा डबा पुढे जाणार, नाहीतर काम दुसऱ्या कंपनीकडे. डबा काट्यावर चढला. नऊ टन साडेतीनशे किलो.

हॅत्तेच्या, एवढ्यानं काय होतं, असं मी मनात म्हटलं. यामिनीचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं सगळे कागद पुन्हा तपासले, मग पत्र्याची जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन डब्याखाली सरपटत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि माझ्याकडे बघितलं. मी पाना उचलून पुसायला लागलो.

शालिग्रामजींनी विचारलं, "यह गलती किसकी है?"

"मेरी है, सर," ती म्हणाली.

वर्षभर सगळ्यांना बिनकण्याचे म्हणणारा मी, पाना हातात धरून उभा राहिलो. शालिग्रामजींनी फाईल बंद केली आणि चहा न घेताच गेले.

गेटाबाहेर ती कुर्त्याची धूळ झटकून राहिली होती. मी म्हटलं, मजबुतीसाठीच केलं, तुझ्याच भल्यासाठी.

"बाबा," ती म्हणाली, "भरवसा पत्र्यावर नव्हता की माझ्यावर?"

पत्र्यावर, असं म्हणून सुटता आलं असतं. त्यासाठी मी तोंड उघडलंसुद्धा. पण ती उत्तराची वाट बघत उभी होती, आणि माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही.