गॅलरीतलं गाजरगवत

“अहो, आधी इकडे या! शेवंती फुटलीय.”

श्रीधरपंत चपला काढून तसेच गॅलरीत गेले. वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीभोवतीचं गाजरगवत उपटून ते नुकतेच परतले होते. मंदाकिनीबाई कुंडीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. कुंडी त्यांच्या स्वरालीची. आयटी कंपनीतली रात्रपाळी संपवून घरी येताना गाडी उलटली आणि एकुलती एक लेक गेली, त्याला दोन वर्षं होत आली होती. तिने लावलेली शेवंती या उन्हाळ्यात वाळली, तेव्हा बाई जेवणावरून उठून गेल्या होत्या. आता त्याच मातीत चार कातरलेली पानं चपटी पसरली होती.

पंतांनी एका नजरेत ओळखलं. गाजरगवत.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी या गवताशी उभा दावा मांडला होता. ज्येष्ठात ते जमिनीला चिकटून गाजराच्या पाल्याचं सोंग घेतं, श्रावणात कमरेएवढं वाढून बारीक पांढऱ्या फुलांनी भरतं. थंडीत कुठल्यातरी गळक्या नळाच्या ओलीवर खुरटं तग धरून राहतं, आणि वैशाखात नुसत्या काड्या उरल्या तरी त्यांची धूळ माणसाला खाजवून बेजार करते. पंतांना ते कुठल्याही वेशात ओळखू येई. इकडे रोज नवी इमारत उठत होती, आणि माती उकरली रे उकरली की हे हजर. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर अवधूत हसायचा, “काका, एकटे किती उपटणार? इट्स होपलेस!”

“तुम्ही आलात तर दोघं होऊ,” पंत न थांबता म्हणायचे.

“शेवंतीच ना हो?” बाईंनी पुन्हा विचारलं. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या आवाजात जीव आला होता.

“मग? दुसरं काय असणार!” पंत म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. बी बहुतेक त्यांच्याच पायजम्याला चिकटून घरात आलं असणार.

पण घर पालटलं. बाई सकाळी वेणीफणी करून कुंडीला पाणी घालू लागल्या. आमटीला पुन्हा लसणाची फोडणी बसू लागली. बहिणीला फोनवर त्या सांगत, “स्वरालीची शेवंती आलीय गं.” ते ऐकून पंत पेचात पडायचे. खरं सांगावं तर ही पुन्हा अंथरूण धरेल, न सांगावं तर एका कुंडीतून सगळ्या सोसायटीत बी उडेल.

श्रावणात कळ्या धरल्या. बाई उठायच्या आत पंत गॅलरीत जाऊन एकेक कळी खुडू लागले. आज खुडाव्यात, तर उद्या दुसऱ्या तयार.

एका सकाळी पाठीमागून आवाज आला, “किती दिवस खुडणार आहात?”

बाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. खुडलेल्या कळ्या पंतांच्या मुठीत तशाच राहिल्या.

“शेवंतीचं पान चुरगळलं की बोटांना वास राहतो,” बाई म्हणाल्या. “याला नाही. पहिल्याच आठवड्यात कळलं मला.”

“मग पाणी कशाला घालत होतीस?”

“तिच्या मातीत काहीतरी उगवलं होतं हो.” बाई कुंडीजवळ आल्या. “आणि तुम्ही बोलला नाहीत. म्हटलं, हे गप्प आहेत तोवर आपणही गप्प राहावं.”

पंतांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलं नाही.

“मी काढतो,” ते म्हणाले.

“नको, मला काढू दे. आता फुलेल. आपलं दुःख लोकांच्या दारात कशाला?”

“अगं, हात सुजेल.”

“सुजू दे.”

त्यांनी चहा पंतांच्या हातात दिला, त्या खाली बसल्या आणि बुडाशी धरून त्यांनी रोप सावकाश ओढलं. मुळाला मातीचा मोठा गड्डा चिकटून आला. तो त्यांनी कुंडीच्या काठावर हलके हलके आपटला, बोटांनी एकेक मूळ मोकळं केलं, आणि सगळी माती कुंडीत परत पडेपर्यंत त्या उठल्या नाहीत.